गारपगारी ते गच्ची : नागपूरच्या गारपिटीचा आणि छपरांचा इतिहास

आजचा धागा गारपिटीवर. विषय हवामानखात्याचा वाटेल, पण तो इतिहासाचाच आहे. प्रश्न साधा आहे : नागपूरच्या रामदासपेठेत ज्याचे स्वतःचे घर आहे, त्याने गारेला किती भ्यावे? या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण आकाशात शोधतात. मला ते छपरात शोधावेसे वाटते. गेल्या दीडशे वर्षांत या शहरावर पडणाऱ्या गारेपेक्षा ती ज्यावर पडते ते छप्पर कितीतरी अधिक बदलले आहे.

सुरुवात एका विस्मृत पेशापासून करू. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ‘गारपगारी’ या नावाची स्वतंत्र नोंद आहे. गारपगारी म्हणजे गावावर येणारी गार परतवणारा माणूस. ही मंडळी मूळची नाथपंथी जोगी. त्यांची वस्ती मुख्यतः नागपूरकडच्या मराठी जिल्ह्यांत आणि वऱ्हाडात असे. १९११च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे ९,००० होती.

ग्रंथातील वर्णन असे : रात्रीच्या आभाळात धूर आणि ज्वाळा मिसळल्यासारखा काळा-तांबडा रंग दिसला की गारपगारी ओळखी, गार येणार. मग हाती तलवार घेऊन तो मारुतीपुढे उभा राही आणि ढग पांगवण्याची विनवणी करी. विनवणीने काम झाले नाही तर धमकी : मी इथेच जीव देतो. पूर्वी तो अंगावर वार करून घेई असे सांगत. ग्रंथ लिहिला गेला त्या काळापर्यंत हे बोटातून थोडे रक्त काढण्यावर आले होते. या सेवेबद्दल गावातील शेतकऱ्यांकडून त्याला ठरलेले धान्य मिळे.

इंग्रज अधिकाऱ्याच्या लेखणीतून आलेली ही नोंद आहे, हे वाचताना विसरू नये. तिच्यात कुतूहल आहे आणि थोडा उपहासही आहे. गारपगाऱ्याचे स्वतःचे म्हणणे त्यात जवळजवळ नाही. तरीही एक गोष्ट त्या पानांतून लख्ख दिसते. गार हा धोका नागपूर-वऱ्हाडात इतका नित्याचा होता की त्याच्यासाठी गावगाड्यात एक स्वतंत्र माणूस नेमलेला असे. पावसाळ्यात पूर येतो म्हणून कुणी ‘पूरपगारी’ नेमल्याचे ऐकिवात नाही.

आणखी एक गोष्ट. दरवर्षी प्रत्येकाने थोडे धान्य द्यायचे, ते एका संभाव्य संकटासाठी. संकट येवो वा न येवो. ही रचना कशासारखी वाटते? जर्मनीत नॉयब्रांडेनबुर्ग या गावी १७९७ साली शेतकऱ्यांनी गारपिटीविरुद्ध परस्पर विमा संस्था स्थापन केली. त्या वेळी नागपुरात दुसरे रघूजी भोसले राज्य करीत होते. दोन्हीकडचा शेतकरी एकाच भीतीपोटी वर्षाला काही तरी बाजूला काढीत होता. फरक एवढाच, आणि तो फार मोठा, की तिकडे गार पडल्यावर पैसे परत मिळत. इकडे गार पडली की गारपगाऱ्याचा मंत्र फसला एवढेच कळे.

युरोपला हसण्याची संधीही इतिहासाने दिली आहे. १८९६ साली ऑस्ट्रियातील स्टायरिया प्रांतात आल्बर्ट श्टिगर या द्राक्षबागाइतदाराने ढगांवर तोफा डागून गार रोखण्याचा प्रयोग सुरू केला आणि पुढल्या काही वर्षांत ते वेड इटली-फ्रान्सपर्यंत पसरले. तोफेने गार थांबते याचा समाधानकारक पुरावा आजतागायत मिळालेला नाही. मारुतीपुढची तलवार काय किंवा द्राक्षमळ्यातील तोफ काय, दोन्ही माणसाच्या अगतिकतेचीच अवजारे.

आता थोडे शास्त्र, कारण त्यावाचून पुढची गोष्ट कळणार नाही.

नागपूरकडे गारेचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे. या महिन्यांत वायव्येकडून येणारी कोरडी हवा आणि बंगालच्या उपसागरावरून येणारी दमट हवा मध्य भारतावर एकमेकींना भिडतात. दुपारपर्यंत जमीन तापते, हवा वेगाने वर चढते आणि ढग दहा-बारा किलोमीटर उंच वाढतात. त्यांच्या पोटात पाण्याचे अतिशीत थेंब बर्फकणांवर थराथराने गोठत जातात. वर चढणारा झोत तो गोळा पेलू शकेनासा झाला की तो खाली येतो.

मग भर पावसाळ्यात, ढग एवढे दाट असताना, गार क्वचितच का पडते? पावसाळ्यात पाणी गोठण्याची पातळी जमिनीपासून पाच किलोमीटरांहूनही वर असते. खालच्या उबदार, दमट हवेतून येता येता बर्फ वितळून जातो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ती पातळी बरीच खाली असते, म्हणून गार गार म्हणूनच जमिनीवर पोचते. विदर्भातील संत्राबागाइतदाराला हे शास्त्र कुणी शिकवावे लागत नाही. त्या दिवसांत एका बागेत मृग बहाराची फळे तोडणीला आलेली असतात आणि दुसरीत आंबिया बहाराची फुले उमललेली असतात. एकाच दुपारी यंदाचे आणि पुढचे, दोन्ही उत्पन्न जमिनीवर येते.

महिना लक्षात ठेवा. आता छपराकडे वळू.

नागपूरचे जुने घर म्हणजे कवेलूचे घर. कुंभाराने घडवलेली अर्धगोल, पातळ, हातभर लांबीहून लहान कवेलू. खाली बांबू आणि बल्ल्या. ही कवेलू फार नाजूक. मांजर चालले तरी सरकत, वानरांची टोळी उतरली तर मोडत. (विदर्भात कवेलू फोडण्याचे काम गारांपेक्षा वानरांनीच अधिक केले असेल.) म्हणून दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी, मृग लागण्यापूर्वी, घर शाकारण्याची रीत होती. छप्पर उतरवायचे, फुटकी कवेलू टाकायची, नवी घालायची, पुन्हा रचायचे.

यातील मेख पाहा. गार पडणार फेब्रुवारी ते मेमध्ये आणि छप्पर शाकारले जाणार मेच्या अखेरीस. गारेने जे फोडले ते नाही तरी बदलायचेच होते. शाकारणीचा खर्च वर्षाच्या हिशेबात आधीच धरलेला असे. जुने घर गारेपुढे दुबळे होते यात शंका नाही, पण त्याची दुरुस्ती त्याच्या पंचांगातच लिहिलेली होती. मला हा त्या घराचा सर्वांत शहाणा गुण वाटतो आणि वास्तुकलेच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख फारसा आढळत नाही.

१८६५ साली मंगळूर येथे बासेल मिशनचे गेओर्ग प्लेब्स्ट यांनी यंत्रावर कौले तयार करण्याचा कारखाना सुरू केला. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध सरळ नाही, पण परिणाम एकत्र झाला : साच्यातून निघालेली, एकमेकांत अडकणारी, जाड, सपाट मंगलोरी कौले दूरवर जाऊ लागली. बंगला म्हटले की मंगलोरी कौलांचे उतरते छप्पर, असे समीकरण रूढ झाले. ही कौले देशी कवेलूपेक्षा कितीतरी टणक. बोराएवढ्या गारेला ती दाद देत नाहीत. लिंबाएवढी गार आली तर मात्र तडकतात. तडकली तरी एक काढून दुसरे बसवता येते. परसात जादा कौलांची चळत ठेवणे हा घरधन्याचा साधा व्यवहार होता.

त्याच सुमारास पन्हळी पत्रा आला. त्याचे पेटंट लंडनच्या हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ साली घेतले होते. पत्र्यावर गार पडली की आवाज प्रलयाचा आणि नुकसान पोच्यांपुरते. पुढे आलेला ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा पत्रा नेमका उलट : दिसायला भारदस्त, पण मोठ्या गारेने त्याला थेट भोक पडते.

आता रामदासपेठ. सीताबर्डी आणि धंतोली यांच्या शेजारची ही वस्ती नागपूरकरांच्या मनात दीर्घकाळ बंगल्यांची वस्ती म्हणून राहिली : डॉक्टर, वकील, व्यापारी, भोवती झाडे, मधे लेंड्रा पार्क. १९३६च्या कायद्याने स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासाच्या काळात शहर पश्चिमेकडे पसरत गेले आणि कौलारू छपरांच्या जागी सिमेंटचा स्लॅब आला. आज तिथे रुग्णालये आणि बहुमजली अपार्टमेंटे उभी आहेत. बंगले मोजके उरले आहेत.

स्लॅबने गारेचा प्रश्न सुटला, असे त्या पिढीला वाटले असल्यास नवल नाही. सहा इंची काँक्रीटला गार काय करणार? खरोखरच काही करीत नाही. पण सपाट छप्पर म्हणजे गच्ची आणि रिकामी गच्ची म्हणजे मोकळी जागा. माणूस मोकळी जागा मोकळी ठेवत नाही. प्रथम पाण्याच्या टाक्या आल्या. मग डिश, मग वातानुकूलन यंत्रांचे बाहेरचे भाग, मग वाळवणावर सावली म्हणून फायबरचे पत्रे, पाणी तापवायच्या काचनळ्या आणि आता सौर पॅनेल. खाली लाकडी झडपांच्या खिडक्या गेल्या आणि सरकत्या काचा आल्या. ज्या महिन्यात गार पडते त्याच महिन्यात नागपूरकर कूलर बाहेर काढून खिडकीला लावतो, हे तर खास इथलेच.

म्हणजे छप्पर मजबूत झाले आणि जे फुटू शकते ते सारे छपराच्या वर जाऊन बसले. २३ मे २०१३ रोजी या शहराने ४७.९ अंश सेल्सिअस तापमान पाहिले आहे. अशा उन्हात वर्षानुवर्षे तापून ठिसूळ झालेले प्लॅस्टिक गारेची पहिली शिकार ठरते.

स्लॅबची आणखी एक खोड. उतरत्या छपरावरून गार घरंगळून अंगणात पडे. गच्चीवर ती साचते आणि पाणी वाहून जाण्याची तोंडे बुजवते. पाठोपाठ येणारा पाऊस मग गच्चीवरच तुंबतो आणि जुन्या भेगांतून खालच्या खोलीत उतरतो. गारपिटीनंतर आठवडाभराने दिवाणखान्याच्या छताला ओल आली, तर तिचे मूळ बहुधा इथे असते.

पण गार किती मोठी येऊ शकते? यासाठी पुन्हा दप्तरे उघडावी लागतात.

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ची. त्याचे एक प्रमुख जॉन एलियट यांनी १८८३ ते १८९७ या पंधरा वर्षांतील भारतातील गारपिटींचा अभ्यास १८९९ साली प्रसिद्ध केला. त्यांनी तपासलेल्या ५९७ गारपिटींपैकी १५३ मध्ये गारेचा व्यास ३ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक होता. म्हणजे दर चारांत एक. लहानसहान गारपिटींची नोंदच झाली नसणार, त्यामुळे हे प्रमाण प्रत्यक्षाहून जास्त दिसत असेल. तरीही आकडा विसरण्यासारखा नाही.

याच कालखंडात, ३० एप्रिल १८८८ रोजी, उत्तर भारतात मुरादाबाद परिसरात जी गारपीट झाली तिच्यात २४६ माणसे मेली. जागतिक हवामान संघटनेने २०१७ साली गारपिटीतील सर्वाधिक मृत्यूंची नोंद म्हणून तिला मान्यता दिली. मेलेली बहुतेक माणसे उघड्यावर सापडलेली होती. पण त्या वादळाच्या वृत्तान्तांत घरेही आहेत : उडालेल्या ओसऱ्या, कोसळलेली छपरे, फुटलेली तावदाने.

गारेचा व्यास दुप्पट झाला तर तिचा आघात दुप्पट होत नाही. वजन आठपट होते, पडण्याचा वेगही वाढतो. दोन्ही मिळून आघाताची ऊर्जा जवळपास सोळापट होते. आवळा आणि बोर यांच्यातील फरक डोळ्यांना किरकोळ वाटतो, काचेला वाटत नाही.

इथे एलियटांचा आकडा आजच्या गच्चीवर येऊन पोचतो. सौर पॅनेलांच्या आंतरराष्ट्रीय मानकात गारेची एक चाचणी असते : २५ मिलिमीटर व्यासाचा बर्फगोळा सेकंदाला २३ मीटर वेगाने, म्हणजे ताशी सुमारे ८३ किलोमीटरने, पॅनेलवर अकरा ठिकाणी मारतात. पॅनेल टिकले तर उत्तीर्ण. पण एलियटांच्या दर चार गारपिटींपैकी एकीत गार ३० मिलिमीटर किंवा त्याहून मोठी होती आणि ३५ मिलिमीटरच्या गारेचा आघात २५च्या जवळपास चौपट असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले. पॅनेल घेऊ नये असे मी म्हणत नाही. विक्रेत्याला गारेच्या चाचणीचा आकार विचारावा, एवढेच. अधिक मोठ्या गोळ्याने तपासलेली पॅनेलेही बाजारात असतात.

शहराबाहेर काय घडते याची आठवण २०१४ने दिली. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत गारपीट महाराष्ट्रात मुक्कामाला राहिली आणि तेव्हाच्या ३५ पैकी २८ जिल्ह्यांना तिचा तडाखा बसला. फेब्रुवारी २०१८ मध्ये पुन्हा मराठवाडा आणि विदर्भ. या दोन्हींचे अहवाल वाचताना एक गोष्ट खटकते : हेक्टर आहेत, पिके आहेत, गुरे आहेत, घर अगदी शेवटी, एखाद्या ओळीत. यालाही इतिहास आहे. गारेची सरकारी नोंद महसुलासाठी सुरू झाली. सारा माफ करायचा की तहकूब, एवढाच सरकारपुढचा प्रश्न असे. साऱ्याशी संबंध नसलेले शहरातील घर त्या दप्तरात येणार तरी कसे?

आजच्या मदतीच्या निकषांतही तो वारसा जाणवतो. गारपीट ही राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीतील अधिकृत आपत्ती आहे. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला १,२०,००० रुपये, तर अंशतः पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये. तेही पडझड किमान १५ टक्के असेल तर. कवेलूच्या घराला हा निकष लागू पडू शकतो. रामदासपेठेतील फ्लॅटच्या दहा काचा, एक टाकी आणि सहा पॅनेल फुटली तरी घर १५ टक्के ‘पडलेले’ नसते. तिथे सरकारी मदत जवळजवळ शून्य धरून चालावे.

राहिला विमा. आणि त्याआधी एक अवघड प्रश्न : गच्ची कुणाची? बंगल्याचे छप्पर बंगलेवाल्याचे, यात वाद नव्हता. १९७०च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्यात छप्पर हे सामाईक क्षेत्रात धरले आहे. म्हणजे ते सर्वांचे. सर्वांच्या वस्तूची काळजी कोण घेते, हे अपार्टमेंटच्या वार्षिक सभेला एकदा बसलेल्या कुणालाही ठाऊक आहे. एकेका फ्लॅटच्या मालकाने स्वतःच्या फ्लॅटचा विमा काढला, तरी सामाईक टाक्या, लिफ्टच्या खोलीचे पत्रे आणि गच्चीवरची सामाईक सौरयंत्रणा यांचे काय, हे वेगळे ठरवावे लागते.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने सर्व सामान्य विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या मजकुराची घरविम्याची पॉलिसी देणे बंधनकारक केले. तिच्यात इमारतीबरोबर घरातील सामानालाही इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल दहा लाख रुपयांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. वादळ आणि पूर तिच्यात नावानिशी आहेत. आता गंमत पाहा : आपल्याकडील मोटारीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत ‘गारपीट’ हा शब्द स्वतंत्रपणे छापलेला असतो. त्यामुळे घराची पॉलिसी घेताना कंपनीला लेखी विचारावे की वादळाविना नुसती गार पडली तर दावा धरणार का, आणि गच्चीवरचे पॅनेल इमारतीत मोजणार की सामानात.

दावा करायचा तर पुरावा लागतो आणि इथे इतिहासप्रेमींनाही काम आहे. गारेचा पट्टा फार अरुंद असतो. विमानतळाजवळ सोनेगावच्या वेधशाळेत ऊन पडले असेल आणि काही किलोमीटरवर रामदासपेठेत अंगण पांढरे झाले असेल. दप्तरात त्या दिवशी गार नाही. म्हणून पुढच्या वेळी गार पडली की वादळ थांबल्यावर सर्वांत मोठी गार पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवून छायाचित्र काढा. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे, पॅनेलच्या चाचणीतल्या गोळ्याहून जरासाच मोठा. तारीख, वेळ, गल्ली लिहून ठेवा. आणि तुमच्या आजोळी, वर्धा-अमरावतीकडे, कुणाला गारपगाऱ्याची आठवण असेल, तर ती या धाग्याखाली जरूर लिहा.